एका अवतरणचिन्हापाशी अडलेला अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण वसई तालुक्यातल्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या तरुणीचे आहे. तिचे आणि संस्थेचे नाव येथे दिलेले नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती संगणकशास्त्राची पदवीधर असून संस्थेत तिचे अर्धे काम काउंटरवरचे आणि अर्धे संगणकाचे होते. सकाळी सभासदांची पासबुके भरून द्यायची आणि दुपारनंतर प्रिंटर, बॅकअप आणि सॉफ्टवेअरच्या तक्रारी पाहायच्या, असा तिचा दिवस जात असे. सायबरसुरक्षेच्या क्षेत्रात जायचे म्हणून तिने २०२४ मध्ये कॉम्पटिया या संस्थेची सिक्युरिटी प्लस ही परीक्षा द्यायचे ठरवले आणि त्याच सुमारास मी रविवारी घेत असलेल्या छोट्या अभ्यासवर्गात ती येऊ लागली.

या परीक्षेत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. १०० ते ९०० या मोजपट्टीवर ७५० गुण मिळाले तर उमेदवार उत्तीर्ण होतो. सध्याच्या अभ्यासक्रमाचे पाच विभाग आहेत आणि त्यांपैकी धोके, उणिवा व त्यांवरील उपाय या विभागाला २२ टक्के भार आहे. डेटाबेसवरील हल्ले प्रामुख्याने या विभागात येतात. काही प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात, तर काहींत एखादी परिस्थिती, संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदवहीचा (लॉगचा) तुकडा किंवा मांडणी समोर ठेवून काय घडले आणि काय करावे हे ठरवायला सांगितलेले असते. पहिल्या प्रकारात पाठांतर काही अंतरापर्यंत पोचवते. दुसऱ्या प्रकारात ते लवकर संपते.

तिची तयारी कष्टाची होती. प्रत्येक संज्ञेसाठी तिने एक चिठ्ठी केली होती, पुढच्या बाजूला हल्ल्याचे नाव आणि मागे दोन ओळींची व्याख्या. लोकलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, रात्री झोपण्यापूर्वी ती त्या चिठ्ठ्या चाळत असे.

अडचण

पहिल्या प्रयत्नात ती थोडक्यात नापास झाली. निकालपत्रावर अभ्यासक्रमातील ज्या मुद्द्यांचे प्रश्न चुकले त्यांची यादी येते. त्या यादीत वेब अनुप्रयोगांतील उणिवा आणि हल्ल्यांची चिन्हे ओळखणे हे मुद्दे होते. तिला याचे मनापासून आश्चर्य वाटले, कारण एसक्यूएल इंजेक्शनच्या चिठ्ठ्या तिला सगळ्यात चांगल्या पाठ होत्या. एसक्यूएल ही डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा, आणि हल्लेखोराने आपला मजकूर त्या आज्ञेत घुसवला की त्याला इंजेक्शन म्हणतात.

परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत, अशी अट उमेदवार स्वीकारतो, त्यामुळे मी ते विचारले नाहीत आणि तिनेही सांगितले नाहीत. त्याऐवजी मी तिला तिच्याच चिठ्ठ्यांवर तोंडी प्रश्न विचारले, आणि तासाभरात तीन ठिकाणी गाठ बसलेली दिसली.

पहिली गाठ एसक्यूएल स्लॅमरची. जानेवारी २००३ मध्ये पसरलेल्या या वर्मचे (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामचे) नाव तिने एसक्यूएल इंजेक्शनचे उदाहरण म्हणून लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात स्लॅमरने एसक्यूएलचे एकही वाक्य वापरले नव्हते. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर २००० मधील बफर ओव्हरफ्लोची (राखीव जागेत न मावणारा मजकूर स्मृतीत पुढे सांडण्याची) उणीव, यूडीपी पोर्ट १४३४ वर येणारे ३७६ बाइटचे एकच पॅकेट आणि सहा महिने आधी उपलब्ध होऊनही न बसवलेला पॅच (दुरुस्तीचा तुकडा), अशी ती कहाणी आहे. तेथे डेटाबेस सर्व्हर हा प्रोग्राम फसला. इंजेक्शनमध्ये तो प्रोग्राम आपले काम अगदी बिनचूक करत असतो, फक्त त्याला दिलेले वाक्य वेगळ्याच माणसाने पूर्ण केलेले असते. नावात एसक्यूएल हा शब्द आहे एवढ्यावरून दोन्ही एका गठ्ठ्यात ठेवले की बचावाचे उपायही चुकतात.

दुसरी गाठ अनुमान या शब्दाची. पडद्यावर उत्तर दिसत नसताना ते ताडून काढणारा इंजेक्शनचा एक प्रकार अनुमानाधारित किंवा ब्लाइंड म्हणून ओळखला जातो, आणि डेटाबेस सुरक्षेच्या जुन्या अभ्यासात इन्फरन्स अटॅक नावाची वेगळीच गोष्ट आहे, परवानगीतल्या उत्तरांवरून लपलेली माहिती ताडण्याची. तिच्या चिठ्ठीवर एकाच्या व्याख्येखाली दुसऱ्याचे उदाहरण होते. तिसरी गाठ छोटी पण धोक्याची होती. “स्टोअर्ड प्रोसिजर वापरले की इंजेक्शन होत नाही,” असे तिने अधोरेखित केले होते. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला आज्ञांचा संच. त्याच्या आत मजकूर जोडून वाक्य तयार केले जात असेल, तर उणीव फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेली असते.

मी तिला विचारले, “हल्लेखोराने टाकलेला मजकूर आज्ञा केव्हा बनतो, हे मला एका ओळीत सांग.” तिला सांगता आले नाही. त्या वेळी मला वाटले की आपणच तिला इतके दिवस चुकीच्या टोकापासून शिकवत होतो.

समोरचे पर्याय

तिच्या मनात सर्वांत आधी आलेला पर्याय म्हणजे उरलेल्या विभागांत गुण वाढवून या विषयाकडे दुर्लक्ष करणे. हिशेबाने ते जमलेही असते. परंतु तिला ज्या नोकऱ्या हव्या होत्या त्यांत नोंदवह्या वाचून हल्ला ओळखणे हेच रोजचे काम असते. त्यामुळे गुण मिळाले असते तरी मुलाखतीत अडचण तशीच उभी राहिली असती.

एका मैत्रिणीने तिला प्रत्यक्ष परीक्षेतून बाहेर आलेल्या प्रश्नांचे संच पाठवले होते. ते वापरणे हा परीक्षेच्या कराराचा भंग आहे आणि सिद्ध झाल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. मला त्याहून मोठी वाटणारी हरकत मी तिच्यापुढे मांडली. तिची अडचण प्रश्न माहीत नसण्याची नव्हतीच. तिने तो संच न उघडता काढून टाकला.

तिसरा पर्याय आणखी एक व्हिडिओ अभ्यासक्रम विकत घेण्याचा होता. चौथा, तिच्या जुन्या लॅपटॉपवर स्वतःच एक छोटा, सदोष प्रोग्राम लिहून तो स्वतःच मोडण्याचा. डॅम व्हल्नरेबल वेब अ‍ॅप्लिकेशन, वेबगोट, ज्यूस शॉप अशी मुद्दाम सदोष बनवलेली सरावाची साधने फुकट मिळतात, आणि पोर्टस्विगरच्या वेब सिक्युरिटी अ‍ॅकॅडमीत इंजेक्शनचे टप्प्याटप्प्याने कठीण होणारे पाठ आहेत. तरीही सुरुवात स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामपासून करावी असे माझे मत पडले. दुसऱ्याने लिहिलेल्या साधनात हल्ला यशस्वी झाल्याचे दिसते, पण ज्या ओळीमुळे तो झाला ती ओळ बऱ्याचदा नजरेआडच राहते. आम्ही चौथा पर्याय घेतला आणि दुसऱ्या प्रयत्नाची तारीख दोन महिने पुढे ठेवली. दुसऱ्या प्रयत्नासाठी ठरावीक दिवस थांबावे लागत नाही. चौदा दिवसांची अट तिसऱ्या प्रयत्नापासून लागते. त्यामुळे ही घाई टाळणे पूर्णपणे आमच्या हातात होते.

प्रयोग

तिने पायथॉन ही भाषा आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरून सभासद शोधण्याचा शंभरेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. आडनाव टाकले की प्रोग्राम तो मजकूर वाक्यात चिकटवून डेटाबेसला पाठवत असे: सिलेक्ट नाव, खाते फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव = 'परेरा', म्हणजे परेरा आडनावाच्या सभासदांची नावे आणि खाती दे. तपासणीसाठी तिने काउंटरवर रोज भेटणारी आडनावे भरली, पाटील, वर्तक, परेरा, लोपीस, आणि त्यांतच एकेरी अवतरणचिन्ह असलेले डी'सिल्वा. हल्ल्याचा विचार अजून सुरूही झाला नव्हता. ती फक्त प्रोग्राम चालतो का ते पाहत होती. डी'सिल्वा टाकताच पडद्यावर वाक्यरचनेची चूक असल्याचा संदेश आला.

ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सर, हा संदेश मी तीन वर्षं ऑफिसात बघतेय.”

तो संदेश का येतो, हे त्या दिवशी तिने फळ्यावर स्वतः उलगडले. डेटाबेस पहिल्या अवतरणचिन्हापासून दुसऱ्यापर्यंतचा भाग मूल्य म्हणून वाचतो. डी'सिल्वा या नावात दुसरे चिन्ह डी नंतर लगेच येते, म्हणून मूल्य तेथेच संपले असे तो मानतो आणि उरलेले सिल्वा हा आज्ञेचा भाग समजून वाचू लागतो. सिल्वा नावाची आज्ञा त्याला ठाऊक नसल्यामुळे तो थांबतो. म्हणजे तक्रार करण्यापूर्वी त्याने सभासदाच्या आडनावाचा अर्धा तुकडा आज्ञा म्हणून वाचून पाहिलेला असतो. त्या जागी अर्थपूर्ण आज्ञा आली असती तर त्याने ती पाळली असती. हल्लेखोराचा मजकूर आज्ञा केव्हा बनतो, या माझ्या प्रश्नाचे उत्तर तिला एका प्रामाणिक माणसाच्या आडनावातून मिळाले.

या चिन्हाचा वसईशी संबंध जुना आहे. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज काळापासून येथे ही आडनावे रुळली आहेत. घरात मराठीच्या बोली बोलणाऱ्या कुटुंबांचे आडनाव इंग्रजी कागदावर कधी त्या चिन्हासह, कधी त्याच्याशिवाय लिहिले जाते. संस्थेत या चुकीला सगळे सरावले होते. नवीन कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाई की ते चिन्ह टाकू नकोस, सिस्टीम घेत नाही.

पुढचे काही रविवार लॅपटॉपवरच्या या प्रयोगशाळेतच गेले. नेहमी खरी ठरणारी अट (उदा. १=१) जोडून सर्व सभासद बाहेर कसे येतात, हे पहिल्याच दिवशी कळले. युनियनला, म्हणजे एका सिलेक्टच्या उत्तराला दुसऱ्याचे उत्तर जोडणाऱ्या आज्ञेला, अधिक वेळ लागला, कारण दोन्ही सिलेक्टमधील रकान्यांची संख्या जुळल्याशिवाय डेटाबेस ते जोडत नाही. त्यामुळे हल्लेखोराला आधी रकाने मोजत बसावे लागते आणि हे मोजणे नोंदवहीत एकामागून एक चुकलेल्या विनंत्यांच्या रूपाने उमटते. हल्ल्याची चिन्हे ओळखणे हा जो मुद्दा निकालपत्रावर चुकला होता, तो तिला येथे प्रथम समजला.

एका प्रयोगाने तिची दिशाभूलही केली. अर्धविरामानंतर सभासदांचा तक्ता पुसण्याची दुसरी आज्ञा जोडून तिने पाहिली आणि प्रोग्रामने ती नाकारली. तिने वहीत लिहिले, “हा भाग सुरक्षित आहे.” वस्तुतः पायथॉनमधील एसक्यूलाइटची एक्झिक्यूट ही क्रिया एका वेळी एकच वाक्य चालवते, एवढेच त्यामागचे कारण होते. तीच सदोष ओळ युनियनने सर्व माहिती बाहेर देतच होती. एक युक्ती चालली नाही म्हणून उणीव नाही असे ठरवणे ही चूक अनुभवी तपासनीसांकडूनही होते, म्हणून आम्ही त्या नोंदीवर पूर्ण एक तास घालवला. वहीतले ते वाक्य तिने खोडले नाही. त्याच्याखाली कारण लिहिले.

ब्लाइंड प्रकारासाठी डेटाबेस बदलावा लागला. एसक्यूलाइटमध्ये ठरावीक सेकंद थांबवणारी आज्ञा नसते, मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये स्लीप नावाची असते. पान काहीच दाखवत नसेल तरी हल्लेखोर हो किंवा नाही असे प्रश्न विचारू शकतो आणि उत्तर हो असेल तर पाच सेकंद थांब असे सांगू शकतो. तिने घड्याळ लावून हे पाहिले आणि स्वतःच हिशेब मांडला. १६ संभाव्य चिन्हांतून एक चिन्ह ओळखायला दर वेळी उरलेले निम्मे करत गेल्यास ४ प्रश्न पुरतात. ३२ चिन्हांचा हॅश (पासवर्डचे साठवलेले सांकेतिक रूप) असेल तर १२८ प्रश्न. म्हणजे नोंदवहीत एकाच पानाला जवळजवळ सारख्या शंभराहून अधिक विनंत्या दिसतील आणि त्यांतल्या काहींना नेमका पाच सेकंदांचा उशीर झालेला असेल. चिठ्ठीवरच्या दोन ओळींत हे चित्र कधीच मावले नसते.

त्यानंतर इन्फरन्स अटॅक वेगळा काढणे सोपे गेले. तेथे कोणतीही आज्ञा घुसवलेली नसते, सगळ्या क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) परवानगीतल्याच असतात. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याला कोणाही एकाचे कर्ज पाहता येत नाही, फक्त बेरजा पाहता येतात. त्याने एका गावातील सर्व सभासदांच्या कर्जाची बेरीज घेतली आणि नंतर अमुक वर्षी जन्मलेले वगळून पुन्हा घेतली. त्या वर्षी जन्मलेली एकच व्यक्ती त्या गावात असेल, तर दोन बेरजांतील फरक म्हणजे तिचे कर्ज. वेगवेगळ्या यादींच्या जुळवणीतूनही असेच घडते. लतान्या स्वीनी यांनी १९९७ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात नावे काढून टाकलेल्या वैद्यकीय नोंदी मतदारयादीशी जुळवून राज्याच्या गव्हर्नरांची नोंद शोधून दाखवली होती. जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड एवढे त्यांना पुरले. पॅरामीटराइज्ड क्वेरी, म्हणजे आज्ञेचा साचा आणि मूल्य वेगळे पाठवण्याची पद्धत, इंजेक्शन रोखते, पण या हल्ल्याला रोखू शकत नाही, आणि दोन्हींना अनुमान म्हणणाऱ्या चिठ्ठीत हाच फरक हरवला होता.

निर्णयाचा क्षण

प्रयोगशाळेत हे सगळे पाहिल्यावर कार्यालयात तोच संदेश देणाऱ्या सभासद शोधण्याच्या पटलाकडे ती पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नव्हती. एका संध्याकाळी तिने मला फोन करून विचारले, “सर, एकदाच ती अट टाकून बघू का? कोणाचं काही बिघडणार नाही.”

मी नको म्हणालो, आणि कारणे सविस्तर सांगितली. ती कर्मचारी असली तरी तिची परवानगी सभासद शोधण्यापुरती होती, यंत्रणा तपासण्याची नव्हती. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून माहिती काढणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तिचा हेतू स्वच्छ होता, पण तो नंतर सिद्ध करत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये. शिवाय ती चालू यंत्रणा होती. शोधाच्या पटलामागचे वाक्य केवळ वाचतेच, कुठे काही लिहीत नाही, याची आमच्यापैकी कोणालाही खात्री नव्हती. नेहमी खरी ठरणारी अट बदलाच्या किंवा पुसण्याच्या वाक्यात गेली तर साऱ्या सभासदांच्या नोंदी एका क्षणात बदलतात.

आणि पुराव्यासाठी हल्ल्याची गरजही नव्हती. एका खऱ्या आडनावाने येणारा चुकीचा संदेश हाच पुरेसा पुरावा होता. तो रोजच्या कामात, दिलेल्या परवानगीत आपोआप मिळत होता.

कळवणे आणि दुरुस्ती

तिने व्यवस्थापक साहेबांना दीड पानांचे टिपण दिले. त्यात हल्ल्याचे भीतिदायक वर्णन नव्हते. कोणते आडनाव टाकल्यावर कोणता संदेश येतो, त्याचा अर्थ काय, आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीला कोणते तीन प्रश्न विचारावेत, एवढेच होते. साहेबांनी ते गांभीर्याने घेतले, कारण सभासदांची ही तक्रार त्यांनाही माहीत होती. आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव जुळत नाही म्हणून लोक त्यांच्या टेबलापाशी येऊन बसत असत.

पुरवठादाराचे पहिले उत्तर होते की फॉर्मवर ते चिन्ह टाकण्यास बंदी करतो. वरवर पाहता हा उपाय झटपट आणि स्वस्त होता आणि साहेब तो मान्य करण्याच्या बेतात होते. तिने आपल्या लॅपटॉपवर प्रयोगशाळेतील प्रोग्राम त्यांना दाखवला. खाते क्रमांकाच्या रकान्यात आकड्यांभोवती अवतरणचिन्हे नसतातच, त्यामुळे तेथे १२ ऑर १=१ एवढे लिहिले की एकही बंदी असलेले चिन्ह न वापरता सर्व सभासद बाहेर येतात. चिन्हे दुप्पट करून निष्प्रभ करण्याचा पुरवठादाराचा दुसरा प्रस्तावही याच कारणाने अपुरा ठरला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाची अर्धी घटिका हीच होती: चालू यंत्रणेला हात न लावता, स्वतःच्या प्रोग्रामवर, अधिकार असलेल्या माणसाला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावले.

अखेरीस पुरवठादाराने शोधाचे पटल पॅरामीटराइज्ड क्वेरीवर नेले. या पद्धतीत वाक्याचा साचा डेटाबेसकडे आधी जातो आणि त्याचे व्याकरण ठरून जाते, मूल्य नंतर वेगळ्या वाटेने येते. त्या मूल्यात काहीही लिहिलेले असले तरी त्याला आज्ञा बनण्याची संधी उरत नाही. क्रमवारी कोणत्या रकान्याने लावायची हे मात्र असे मूल्य म्हणून देता येत नाही, म्हणून त्यासाठी परवानगी असलेल्या रकान्यांची ठरावीक यादी ठेवावी लागली. सॉफ्टवेअर डेटाबेसशी सर्वाधिकार असलेल्या खात्याने जोडलेले होते. तेही बदलून अहवालांसाठी केवळ वाचण्याचे अधिकार असलेले वेगळे खाते केले गेले.

परिणाम

नोव्हेंबरमध्ये ती दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली आणि या वेळी निकालपत्राच्या यादीत आधीचे दोन्ही मुद्दे नव्हते.

कार्यालयात मात्र प्रकरण संपले नव्हते. दुरुस्तीनंतर अवतरणचिन्ह असलेली नावे प्रथमच डेटाबेसमध्ये जशीच्या तशी साठवली जाऊ लागली. डिसेंबरअखेर थकबाकीच्या नोटिसांची यादी काढताना अहवाल मध्येच बंद पडला, आणि तोही नव्याने नोंदवलेल्या एका डी'सिल्वा आडनावापाशी. अहवालाचा जुना प्रोग्राम तक्त्यातून नाव वाचून ते पुढच्या क्वेरीत जोडत होता. आपल्याच डेटाबेसमधून आलेले नाव विश्वासाचे आहे, असे तो गृहीत धरत होता.

याला सेकंड ऑर्डर इंजेक्शन म्हणतात. मजकूर आत येताना सुरक्षितपणे साठवला जातो आणि दुसऱ्याच दिवशी, दुसऱ्याच प्रोग्रामच्या हातून आज्ञा बनतो. तिने कारण दहा मिनिटांत ओळखले आणि पुरवठादाराला त्या दिवशीच नेमकी जागा सांगितली. पण खरे सांगायचे तर ही चूक आम्हाला आधी दिसायला हवी होती. दुरुस्तीपूर्वी नावातले चिन्ह काढले जात असल्यामुळे हा दोष झाकलेला होता. आमच्या अर्धवट दुरुस्तीने तो उघडा केला.

काय वेगळे करता आले असते

पुरवठादाराला आम्ही “शोधाचे पटल दुरुस्त करा” असे सांगितले होते. विचारायला हवे होते की मजकूर जोडून क्वेरी तयार होते अशा सर्व जागांची यादी द्या, त्यांत वापरात नसलेली पटले आणि महिन्यातून एकदाच चालणारे अहवालही धरा. या बाबतीत ब्रिटनमधील टॉकटॉक कंपनीचे प्रकरण मी वर्गात नेहमी शिकवतो. ऑक्टोबर २०१५ च्या हल्ल्यात १,५६,९५९ ग्राहकांची माहिती इंजेक्शनने बाहेर गेली, आणि ती ज्या वेब पानांतून गेली ती २००९ मध्ये विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या व्यवसायाबरोबर आलेली होती. ती पाने अजून चालू आहेत, याचे भान कंपनीला नव्हते. तेथील माहिती आयुक्तांनी त्याबद्दल ४ लाख पौंडांचा दंड केला. हे सगळे शिकवूनही आमच्या हाताशी असलेल्या छोट्या यंत्रणेत जुन्या अहवालांचा विचार मला सुचला नाही, आणि ही उणीव तिची नसून माझी होती.

नोंदवह्यांचेही तसेच झाले. पटलात उणीव आहे हे कळल्यावर गेल्या काही महिन्यांत कोणी तिचा फायदा घेतला का, हे पाहायला हवे होते. शोधाच्या विनंत्या कोठेच साठवल्या जात नाहीत हे दुरुस्ती झाल्यानंतर लक्षात आले, त्यामुळे हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. टिपणातील तीन प्रश्नांत चौथा प्रश्न नोंदवह्यांचा असता, तर निदान पुढच्या नोंदी दोन महिने आधी सुरू झाल्या असत्या.

शिकवण्याचा क्रम मी बदलला आहे. आता हल्ल्यांची नावे सांगण्यापूर्वी उमेदवाराकडून मजकूर जोडून एक क्वेरी लिहून घेतो आणि आपल्या ओळखीतले एक अडचणीचे नाव त्यात टाकायला सांगतो. चिठ्ठ्या नंतर येतात. कोणाच्या कार्यालयात असा संदेश दिसत असेल, तर तो कोणत्या शब्दांत आणि कोणाला कळवायचा, हेही त्याच दिवशी बोलून घेतो. म्हणजे मोह होण्याआधीच वाट ठरलेली असते.

जुन्या नोंदींचे काम अजून चालू आहे. चिन्ह गाळून भरलेली सर्व आडनावे एका क्वेरीने दुरुस्त करता येतील, असे पुरवठादाराने सुचवले होते. तिने ते होऊ दिले नाही. काही कुटुंबे ते चिन्ह लावतात, काही मुळातच लावत नाहीत, आणि कोण कसे लिहितो हे डेटाबेसला ठाऊक नाही. म्हणून सभासद पासबुक भरायला काउंटरवर आला की ती आधी त्याला आडनाव कागदावर लिहून दाखवायला सांगते आणि मग ती एक नोंद बदलते.